भोयर जमादारांची बीर

आमच्या शेजारचे भोयर जमादार बिअरच्या ग्लासाला शिव्या देतात. पिऊन झाल्यावर शिव्या देणारे जगात पुष्कळ आहेत. हे पिण्याआधी देतात. ग्लास समोर आला की तो उजेडाकडे धरतात, नाकाशी नेतात, खाली ठेवतात आणि उशिरा ड्यूटीवर आलेल्या शिपायाला विचारावं तसं विचारतात, "हे काय तोंड घेऊन आला बे?"

मग एक घोट. मग डोळे मिटून मोठा श्वास. आणि मग खरी सुरुवात. "थंडीच्या दिसात हे असं पानचट? मानूस काय वर्ध्यावरून लिंबू-शरबत प्याले आला काय?"

यातलं 'वर्ध्यावरून' महत्त्वाचं आहे. आम्ही दोघं वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत राहतो, भिंतीला भिंत लागून. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. त्यामुळे जमादारांच्या या शिव्या ऐकायच्या तर रेल्वेने नागपूरला जावं लागतं. आणि हद्द ते इतकी पाळतात की परतीच्या गाडीत हद्दीवरचं सिंदी रेल्वे स्टेशन आलं की बिअरविषयी बोलणंसुद्धा बंद. मी काही विचारलं तर डोळे वटारून म्हणतात, "आपला जिल्हा लागला, मास्तर. विषय बदला."

मी मास्तर नाही. कॉलेजात ग्रंथपाल होतो. पण पुस्तकाला हात लावणारा प्रत्येक माणूस जमादारांच्या लेखी मास्तरच.

ते स्वतः पोलिसात होते आणि जवळजवळ सगळी नोकरी त्यांनी हातभट्ट्या मोडण्यात घालवली. नाल्याकाठची मडकी फोडायची, रसायन ओतून द्यायचं, पंचनामा करायचा. नोकरीभर थेंब तोंडात घेतला नाही. मग रिटायर झाले आणि पुण्याला मुलीकडे गेले. जावयाने कौतुकाने एका हॉटेलात नेलं, जिथे बिअर तिथल्या तिथे बनवतात. काचेच्या भिंतीमागे ती मोठमोठी तांब्याची पिंपं बघून जमादार खुर्चीवरून ताडकन उठले आणि मॅनेजरला म्हणाले, "भट्टीची परवानगी दाखवा."

परवानगी भिंतीवरच फ्रेम करून लावली होती. ती त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. मग, कायद्यात बसतं म्हणजे आता हरकत नाही, अशा हिशेबाने एक ग्लास घेतला. तेव्हापासून हा माणूस बिघडला, असं नलूकाकू म्हणतात. नलूकाकू म्हणजे त्यांची बायको.

पण बिघडण्याचीही त्यांची रीत होती. पुण्याच्या त्या हॉटेलात बिअरसोबत वाटीभर खारे शेंगदाणे आले आणि जमादारांचं डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही. "शेंगदाने! अरे, मानसाले मारता काय? जिंदगीभर पाह्यलं मी. रिकाम्या पोटी पेतात आन नालीत पडतात. पहिले जेवन. मंग बीर. आन जेवन कोनतं? जो मौसम हाय त्याचं!"

यावरून त्यांनी एक शास्त्रच तयार केलं. ऋतू बदलला की जीभ बदलते, आणि जीभ बदलली की ग्लास बदलला पाहिजे. म्हणून वर्षातून चारदाच जायचं, ऋतू कूस बदलतो तेव्हा. थंडीत काळी बिअर, सोबत भाजल्या वांग्याचं भरीत आणि ओल्या तुरीचे सोले. पावसाळ्यात कडवट, तिच्याशी तरोट्याची भाजी आणि भाकर. दसऱ्याच्या सुमारास सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची. उन्हाळा लागला की गव्हाची पातळ बिअर आणि मुंगवड्यांचा रस्सा. हे सगळं ते पहाटे उठून स्वतः रांधतात, कारण नलूकाकूंनी सांगून ठेवलं आहे, "बीरच्या डब्याले मी हात लावत नाई." डबा चार पुडांचा. तो मांडीवर घेऊन जमादार खिडकीशी बसतात आणि वाटेत कोणी भजी विकायला आला तर त्याच्यावरही रागावतात. कांदा जुना आहे म्हणून.

नागपूरच्या तसल्याच एका हॉटेलात पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा अर्थातच भांडण झालं. बाहेरचं खाणं चालत नाही, वेटर म्हणाला. "तुमचं आतलं चालते काय? ते पाहा आधी!" जमादार गरजले. आवाज ऐकून आतून एक तिशीतली बाई आली, पायात रबरी बूट, केस रुमालात बांधलेले. मला वाटलं आता हाकलणार. ती डब्यात वाकली आणि म्हणाली, "सांबारवडी आहे का? काका, एक घेऊ?"

ही अर्पिता. बिअर तीच बनवायची. वडी खाऊन तिने कोपऱ्यातलं टेबल आम्हाला कायमचं देऊन टाकलं. त्या दिवसापासून जमादार शिव्या देत आणि ती वहीत लिहून घेई. मला ते वेडेपणाचं वाटे. पण ती म्हणायची, "सर, बाकीचे सगळे 'नाइस' म्हणतात आणि निघून जातात. काका एकटेच खरं बोलतात."

होळी झाल्यावर तिचा फोन आला. नवीन काहीतरी काढलंय, काय ते सांगणार नाही, या.

आम्ही गेलो. मुंगवड्या, भाकर, कांदा खाऊन झालं. ग्लास आला. पिवळसर, गढूळ. जमादारांनी तो उजेडाकडे धरला. नाकाशी नेला. आणि तिथेच थांबले.

मी शिवीची वाट बघत होतो. आली नाही. त्यांनी पुन्हा वास घेतला, ग्लास हळूच ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मोह हाय."

मागच्या भिंतीवर नवी पाटी होती. मोहाची बिअर, जंगलाची अस्सल चव. शेजारच्या टेबलावर चार तरुण माणसं ग्लास पाटीसमोर धरून फोटो काढत होती. जमादार त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या मानेवरची शीर फुगलेली मला दिसली.

"फोटो काढता?" ते उठले. "काय काढता फोटो? ह्याच वासाच्या मांगं मी बत्तीस वर्सं फिरलो! ह्याचेच मडके फोडले! बायाईले गाडीत टाकून नेलं! आन तुमी त्याचा फोटो काढता?"

ती माणसं बिचारी ग्लास खाली ठेवून बसली. त्यांची काहीच चूक नव्हती. अर्पिता धावत आली. मी जमादारांचा हात धरून त्यांना बसवलं.

"मले तो वास आवडे, मास्तर," ते एकदम खालच्या आवाजात म्हणाले. "वर्दीले लागून राहे. नलू दोन-दोन डाव धुवे. मी खुंटीवरची वर्दी हुंगून पाहो. सांगू कोनाले?"

मग त्यांनी सायत्राबाईचं सांगितलं. आष्टीकडे एका गावाबाहेर नाल्याकाठी तिची झोपडी. तिच्या मोहाला पंचक्रोशीत नाव होतं. जमादारांनी तिच्यावर अकरा वेळा धाड घातली. बाकीचे पळून जात; ही कधी पळाली नाही. बाजूला बसून म्हणायची, "फोड बापू, पन हळू फोड. खापरं लेकराईच्या पायात घुसते."

"हे तिचं हाय," ग्लासाकडे बोट दाखवून जमादार म्हणाले. "हे तिनं प्याले पाह्यजे. तिले आनतो मी इथं."

मला वाटलं, राग आहे, उतरेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते माझ्या दारात उभे. एसटीने आष्टी, तिथून ऑटो. झोपडीच्या जागी आता पक्की खोली होती. दारात तिची सून भांडी घासत होती. जमादारांना बघितल्यावर ती राखेचे हात तसेच धरून उभी राहिली. "आमी आता काईच नाई करत जी. घर पाहून घ्या पाह्यजे तं."

"घर पाहाले नाई आलो मी!" जमादार असे ओरडले की दोन कोंबड्या बाजेखाली पळाल्या.

आतून आवाज आला, "जमादार हाय काय? भुकनं तं तेच हाय." आणि भिंतीला हात लावत एक म्हातारी बाहेर आली. वाळकी, ताठ, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. "आता काय फोडाले आला? घरात मडकं एकच हाय. पान्याचं."

जमादारांनी टोपी काढली. वास्तविक टोपी काढून बोलायचं काहीतरी त्यांनी एसटीत जुळवलं असावं, कारण रस्ताभर ओठ हलत होते. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "नागपूरले चाल."

"काऊन? कोर्टात?"

"बीर प्याले."

सायत्राबाई आधी हसली नाही. मग अशी हसली की खोकल्याची उबळ आली आणि सुनेने पाणी आणून दिलं. तोंड पुसून म्हणाली, "उद्या नाई. उद्या बाजार हाय. परवा येजो."

परवा आम्ही भाड्याची गाडी घेऊन गेलो. म्हातारीने हिरवं लुगडं नेसलं होतं. रस्ताभर जमादार ड्रायव्हरवर ओरडत होते, खड्डा दिसत नाही काय, बाई म्हातारी आहे, हळू घे, एवढं हळू काय घेतो. सायत्राबाई खिडकीतून वारा घेत होती.

अर्पिताने खुर्चीवर उशी घालून ठेवली होती. सायत्राबाई तिच्यावर मांडी घालून बसली. जमादारांनी डबा उघडून तिच्या पुढ्यात भाकर मोडली. "पहिले जेव. मंग बीर."

ती नीट जेवली. मग ग्लास दोन्ही हातांनी उचलून वास घेतला, थोडी प्यायली, जीभ टाळूला लावून थांबली.

"मोह हाय," ती म्हणाली. अर्पिताचा चेहरा उजळला. "पन फुलं ओले भरले तुमी. चार दिस कडक ऊन पाह्यजे. आन फुलाच्या आतली कुसं काढली नाई. म्हनून मांगून कडू लागते."

"आयकलं?" जमादार टेबलावर हात आपटून म्हणाले. "मी म्हनलं होतं!" त्यांनी काहीही म्हटलं नव्हतं. पण इतका खूश झालेला तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

अर्पिताने भराभर लिहून घेतलं आणि मग सरळ मनाने म्हणाली, "आजी, या बिअरला तुमचं नाव देऊ? पाटीवर लिहू, 'सायत्राबाईचा मोह'. तुमचा फोटोही लावू."

जमादार माझ्याकडे बघून मान हलवू लागले. त्यांच्या मनात हेच होतं, हे मला तेव्हा कळलं. पाटीवर नाव लागलं की झालं. फिटलं.

"नको वं पोरी," सायत्राबाई म्हणाली. "माह्यं नाव ह्या मानसानं लय डाव लिवलं. दर डावाले कागद, दर डावाले अंगठा. आता पुरे."

जमादारांचं तोंड लाल झालं. "कायदा होता बाई! मी काय तुह्यं घरी नेलं काय? तुह्या गावच्या बायाच मले बलावत होत्या. नवरे मरत होते त्याईचे!"

"मरत होते ना. माह्याबी त्याच्यातच मेला." ती तितक्याच शांतपणे म्हणाली. "बायाईनं बलावलं, तू आला. फोडलं ते फोडलं. त्याचं मनात काई नाई."

"मंग काय हाय मनात? बोल!"

सायत्राबाईने लुगड्याला हात पुसले. "एका साली तू मडके फोडले आन मांगं दोन पोते वाळले फुलं होते, तेबी नाल्यात वतून देल्ले. ते दारूचे नोहते जमादार. ते खाचे होते. पावसाळ्यात काम नाई राहे, जवारी नाई राहे. तवा ते फुलं उकडाचे, कुटाचे, भाकर कराची. मी म्हनत होतो तुले, हे खाचं हाय. तू म्हनला, खोटं बोलते बुढी."

शेवटी मीच विचारलं, "मग त्या पावसाळ्यात काय केलं?"

"काय करतो? पावसाळा होता. गेला."

ती पुन्हा भाकरीकडे वळली. तुकडा मोडून रश्श्यात बुडवला आणि म्हणाली, "मुंगवड्या चांगल्या झाल्या. कोनं केल्या?"

जमादारांनी तिच्यापुढे आणखी रस्सा वाढला. मला राग आला होता. जमादारांवर आला, मग कायद्यावर आला, मग त्या पाटीवर आला, आणि कशावरच ठरेना. आयुष्यभर पुस्तकं सांभाळलेला मी, पण मोहाची भाकर असते हे मला त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं. म्हणजे त्या नाल्याकाठी मी असतो तर मीही पोतं उचलायला हात लावला असता.

तिला आष्टीला सोडून परत येताना जमादार ड्रायव्हरवर ओरडले नाहीत. घरी आल्यावर डबा माझ्याच हातात राहिला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी नलूकाकूंनी भिंतीवरून हाक मारली. "मास्तर, तुमचे जमादार दोन दिसापासून आष्टीले जाऊन बसले. फोन केला तं म्हन्ते काम हाय. रिटायर मानसाले काय काम असते तिथं? जरा पाहून या ना."

माझा मामेभाऊ आष्टीत असतो. त्याच्याकडे मुक्काम केला आणि पहाटे उठून निघालो. सायत्राबाईच्या घरामागे शेताच्या बांधावर मोहाचं मोठं झाड आहे. लांबूनच आवाज ऐकू आला.

"हाट! हाट बे! बापाचं हाय काय?"

एक बकरी उधळून माझ्या अंगावरून पळाली. झाडाखाली भोयर जमादार गुडघ्यांवर टेकले होते. पँट गुडघ्यापर्यंत मळलेली, डोक्याला नलूकाकूंचा जुना टॉवेल, बाजूला टोपली. कमरेच्या दुखण्यामुळे हा माणूस घरात पडलेलं वर्तमानपत्रसुद्धा उचलत नाही, मला हाक मारतो. बुंध्याशी पोतं अंथरून सायत्राबाई बसली होती.

मी तिच्याजवळ टेकलो. हवेत तो गोड, जडसर वास भरून राहिला होता.

"किती दिवस चाललंय?" मी हळूच विचारलं.

"आजचा तिसरा. सकाळी येते, ऊन चढेपर्यंत येचते. दुपारी आंगनात वाळू घालते. कोंबड्याईवर भुकत बसते." ती आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "म्या सांगलं बापा त्याले, आता राशनचं धान्य भेटते, हे कोन खाते? नातवंडं तोंड नाई लावत. आयकत नाई. सून म्हने, हाकलून द्या. मी म्हनलं, राहू दे. वाकू दे त्याले."

जमादारांनी मान वर केली. मला बघून त्यांना बरं वाटलं की वाईट, ते कळलं नाही. "उभे काऊन हाय मास्तर? पाह्याले आले काय?"

मी बसलेलो होतो. तरी उठलो, चपला काढल्या आणि त्यांच्या बाजूला वाकलो. फुलं थंड होती, दवाने चिकट. वरून मधूनच एखादं पडे, ओल्या मातीवर अगदी बारीक आवाज करून.

"डाव्या हाताले पडलं, जमादार," सायत्राबाई म्हणाली.

"नाई दिसत."

"मले आयकू आलं. गवतात पाह्य."

जमादारांनी गवतातून हात फिरवला. सापडेना. ते आणखी खाली वाकले, जवळजवळ कपाळ जमिनीला लागेपर्यंत, आणि दोन बोटांनी ते फूल काढलं. त्याच्यावर एक मुंगी होती. ती त्यांनी फुंकून उडवली, फूल तळहातावर घेऊन थोडा वेळ तसेच बसले, आणि मग टोपलीत टाकलं नाही, ठेवलं.

"भेटलं काय?" सायत्राबाईने विचारलं.

"भेटलं, माय."